शेजारणीचा भाऊ

अमेरिकेत मॉरिसव्हिलला घर घेतलं त्याच आठवड्यात शेजारच्या आजी केक घेऊन आल्या. मी भारतातली आहे म्हटल्यावर दारातच म्हणाल्या, माझा भाऊ तिकडेच आहे. मला वाटलं, नोकरीला असेल. मग कळलं की दुसऱ्या महायुद्धात त्याचं बॉम्बर विमान चीनहून परतताना आसामच्या पलीकडच्या डोंगरांत पडलं. आत आठ जण होते. हा विमानाच्या शेपटीत मशीनगनवर बसायचा. तो एकोणीस वर्षांचा, आजी बाराच्या. तुझ्या घरून ते डोंगर दिसतात का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पुण्याहून तिथे जाणं म्हणजे इथून जवळजवळ कॅलिफोर्निया.

"मग तुझा काय उपयोग, हनी?" त्या म्हणाल्या.

पुढे उपयोग झाला. त्यांची नजर अधू झाली तशी मी रविवारी त्यांचं टपाल वाचून दाखवू लागले. त्यांनी लग्न केलं नव्हतं आणि जवळचं कोणी उरलं नव्हतं. एका रविवारी लष्कराच्या एका कार्यालयाचं पत्र निघालं. जंगलात त्या विमानाचे तुकडे सापडले होते, थोडी हाडंही होती. ओळख पटवायला सख्ख्या बहिणीच्या गालाच्या आतला नमुना हवा होता. कापसाची काडी मीच त्यांच्या गालात फिरवली आणि पाकीट पोस्टात टाकून आले. त्यानंतर दर रविवारी त्या आधी तेच विचारायच्या, लष्कराचं काही आलं का?

दीड वर्षाने आलं. आधी मनात वाचून घ्यावं हे मला सुचलं नाही. विजेचं बिल वाचते तशी मोठ्याने वाचत गेले. हाडं दोघांची होती, पायलटची आणि आणखी एकाची. तुमच्या भावाचं काही मिळालेलं नाही, शोध चालू राहील. कागद संपला तेव्हा मी वर पाहिलं. आजी रडत नव्हत्या. चष्मा काढून पुसत होत्या, बराच वेळ.

"मी ब्याण्णव वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "तो सापडला तर ते फोन कोणाला करतील?"

सोबत एक फॉर्म होता. नातेवाइकांच्या रकान्यात लिहायला दुसरं नाव नव्हतं. खाली संपर्कासाठी जागा होती, तिथे मी माझा नंबर घातला आणि नातं काय लिहू, असं विचारलं.

"शेजारीण लिही. खरं तेच लिहावं."

मागच्या मार्चमध्ये त्या गेल्या. उन्हाळ्यात आम्ही घर विकून सनीव्हेलला मुलीजवळ आलो. पत्ता बदलायला बँक, विमा, डॉक्टर असे फोन केले, त्यात त्या कार्यालयालाही केला. तिथल्या बाईंनी आजींची चौकशी केली. मी सांगितलं. त्यांनी ते टाइप केलं आणि विचारलं, तुमच्यानंतर कोणाला कळवायचं? मी मुलीचा नंबर दिला.

संध्याकाळी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, उद्या फोन आला तर तिने राँग नंबर म्हणून ठेवून देऊ नये म्हणून. तिने नीट ऐकून घेतलं.

"ओके, पण तो होता कसा?" तिने विचारलं. "म्हणजे माणूस म्हणून?"

अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहिले. हे मी कधी विचारलंच नव्हतं.