गादीत शिवली गेलेली वही

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चांगलं नाही, अक्षर तर त्याहून वाईट. चौथीपर्यंत शिकले, पुढे हातात सुई आली. जाड सुई धरून धरून उजव्या अंगठ्याचं पेर असं वाकलं आहे की पेन सरळ उभं राहत नाही. वेलांटी पहिली की दुसरी हे मी कानाला विचारते, आणि कान नेहमी खरं सांगत नाही. कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. पण वही बंद ठेवली तरी ती कुणाच्याही हाती लागू शकते हे एका हिवाळ्यात समजलं, म्हणून माफी आधीच मागून ठेवते.

आम्ही पिंजारी. पांढरकवड्याला हमरस्त्यापासून थोडं आत आमचं दुकान, मागे घर. दुकानात कापूस पिंजायचं यंत्र. यंत्र आम्ही दोघं चालवतो. मालक, म्हणजे माझे यजमान, गाद्या भरतात. मी खोळी शिवते, रजयांना टाके घालते. घरी आम्ही हिंदी बोलतो, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि लिहिते मात्र शाळेतल्या मराठीत, कारण लिहायला तेवढीच शिकले.

जुनी गादी पिंजायला आली की तिला पाठीचे खळगे पडलेले असतात. कुठे एक, कुठे दोन. एखादा डोक्याकडे खोल, एखादा मधेच पसरट. गादी उसवायच्या आधी मी तो खळगा हाताने चाचपायची आणि मनात त्या माणसाची गोष्ट बनवायची. कोण झोपत असेल, कुठल्या कुशीवर, शेजारी कोण. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दुकानाच्या हिशेबाला आणलेली एक वही घेतली आणि त्या गोष्टी लिहायला लागले. माझ्या बनवलेल्या, खऱ्या नव्हेत. यंत्राच्या धुळीत दिवसभर नाक बांधून बसलेल्या बाईला तेवढीच एक खिडकी होती.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव नव्हता, बोंडं किडली, गावोगावहून कुणी औषध प्यायल्याच्या एकसारख्या बातम्या येत होत्या. दुकानात येणाऱ्या गाद्याही तशाच. दोन खळगे, त्यातला एक आता रिकामा, आणि बाई म्हणायची, "एकीच्या दोन पातळ करून द्या, पोरायले होतील." गोष्ट बनवायला काही उरतच नव्हतं, सगळं आधीच कळायचं. मी वही धान्याच्या कोठीमागे टाकली.

टाकली, पण चैन पडेना. आमच्याकडे वर्षातून तीनदा नवं साल येतं. मोहरमला आमचं, पाडव्याला शेजाऱ्यांचं, आणि जानेवारीत कॅलेंडरचं. तीनही वेळा मी मनाशी कबूल करायची की आजपासून लिहीन, आणि तीनही वेळा तिसऱ्या दिवशी विसरायची. तीन वर्षं हेच. शेवटी एका जानेवारीच्या पहिल्या तारखेला, किराणा दुकानातून आलेलं नवं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं आणि त्याच हाताने कोठीमागची वही काढली. झुरळांनी दोन पानं खाल्ली होती. बाकी ठीक होती. रोज एक पान, ठरवलं.

वेळ सरकारने दिला. तेव्हा दिवसा भारनियमन असायचं. लाइट गेली की यंत्र बंद, मालक चौकात चहाला. तेवढे दोन-तीन तास माझे. लाइट कधी येईल त्याचा नेम नसे, आली की धावत यंत्र सुरू करावं लागे, म्हणून वही हाताशी आणि कान बल्बकडे. अशी वीस-बावीस पानं झाली. शेवटचं पान लिहिलं ते मुकुटबन गावातल्या एका घराचं.

त्या घराने दोन कामं दिली होती. घरची जुनी गादी पिंजायची, आणि पोरीच्या लग्नाला घरच्याच कापसाची नवी करायची. लग्न माघात, पंधरा दिवसांवर. पोरीचा बाप पोतं टाकताना म्हणाला होता, "बाजारात मातीमोल जाऊन राह्यला. त्यापरीस पोरीच्या पाठीखाली जाऊ द्या."

जुन्या गादीत मधोमध मोठा पसरट खळगा होता, आणि अगदी काठाला एक अरुंद, लांब. मी लिहिलं: मध्यावर एक जण हातपाय पसरून झोपतो. काठावर बाई झोपते, अंग चोरून, एका कुशीवर. कित्येक वर्षांत तिने कूस बदललेली नाही. तिला कुणी विचारलेलं नाही. असं बरंच लिहिलं. मला ते आवडलंही होतं.

तेवढ्यात बल्ब लागला. आणि रस्त्यावर मालकांची चप्पल वाजली. वही कुठे ठेवू? समोर नवी गादी भरून पडली होती, फक्त तोंड शिवायचं बाकी. मी हात आत घातला, वही कोपऱ्यात खोल सरकवली आणि यंत्राकडे पळाले. मनात म्हटलं, तोंड तर मीच शिवणार आहे. नेहमी मीच शिवते.

त्या दिवशी लाइट चार तास टिकली. मी यंत्रापुढून उठले तेव्हा गादी जागेवर नव्हती.

"वो नई गद्दी?"

"मुकुटबनवाले ले गए. टेम्पो आया था," मालक म्हणाले. "तू मशीन पे थी तो मैंनेच मुँह सी दिया, टाके भी डाल दिए."

मी हातपाय धुतले, भाकरी केली, सगळं केलं. मन मात्र त्या गादीपाशीच होतं. ती गादी पोरीबरोबर सासरी जाणार. कधीतरी उसवली जाणार. त्यातून तिच्याच आईबद्दल, तिच्याच बापाबद्दल लिहिलेलं निघणार. आणि पहिल्या पानावर दुकानाचा शिक्का, कारण वही आम्ही दुकानासाठीच घेतली होती. गिऱ्हाइकाचं अंथरूण चाचपून त्याच्या घरच्या गोष्टी लिहिणारी पिंजारीण. मग कोण गादी देईल आमच्याकडे? धंद्याचं राहू द्या, मी तोंड कुठे लपवू? मी तर गिऱ्हाइकाने नाव विचारलं तरी पदर दातात धरते.

दोन दिवस काढले. पान लिहायचं ठरवलेलं, लिहायला वही नाही. लाइट गेली की हात नुसते मोकळे. तिसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं, "उस गद्दी का मुँह ठीक से नई सिला होगा. शादी की गद्दी है. मैं जाके देख आती हूँ."

"ठीक नई? मेरे टाके?" ते कात्री ठेवून माझ्याकडे बघायला लागले. "पंद्रह साल की उमर से सी रहा हूँ. तेरे अब्बा को भी मैंनेच गद्दी दी थी, आज तक सो रहे ना उसपे?"

"सो रहे."

"फिर?"

ते बाहेर गेले. जाताना म्हणाले, "जा, देख ले. नुक्स निकला तो मेरी मूछ काट देना."

पैसे मागायची सोय त्यानंतर राहिली नव्हती. शेजारी बांगड्या विकणारी खाला राहते. कुणाची सख्खी नाही, सगळ्या गल्लीची खाला. तिच्याकडून तीनशे रुपये घेतले. जाण्यायेण्याचं भाडं, आणि उसवताना खोळ बिघडली तर कापडाला. ती म्हणाली, "तीन सौ? मैके भाग रही है क्या?" मी म्हटलं, नाही. "भाग जा फिर, तीन सौ में दिल्ली हो जाएगी," आणि हसत पैसे दिले.

मुकुटबनला पोरीच्या आईने दारातच अडवलं. दणकट बाई, हाताला शेण लागलेलं.

"पिंजारीणबाई? तुमी कायले आल्या जी?"

मी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. एका कोपऱ्यात टाका सुटला असेल, बघून देते.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "टाका? का कापूस काढाले आल्या? आमचा लांब धाग्याचा घेतला अन घरी गेल्यावर हाव सुटली, असं त नाही?"

पिंजाऱ्यावर हा संशय जुना आहे. गिऱ्हाईक कापूस मोजून देतं आणि तरी म्हणतं कमी भरला. पण तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पाहिलं, पण थांबली नाही. वेचणीचा कापूस मोजायचा लटकता काटा आणला, पोरीला हाक मारली, आणि दोघींनी गादी बांधून काट्याला लावली. काटा पाहिला. मग म्हणाली, "आता उसवा. माह्यासमोर."

मी कोपरा उसवला. हात आत घातला. वही लागली. पदराखालून हळूच काढून घेईन असा विचार होता, पण ओढली तर येईना. मालकांची सुई वहीतून आरपार गेली होती. तीन टाके, ओढून बांधलेले. त्यांच्या टाक्यात खरंच काही खोट नव्हती. मी जोर केला आणि खोळ टर्रकन फाटली, हातभर.

"व माय!" आई ओरडली. "पोरीची गादी फाडली इनं!"

आणि फाटलेल्या जागेतून वही अर्धी बाहेर आली.

पोरगी दहावी झालेली. मी हात पुढे करेपर्यंत तिने ती घेतली होती. दोऱ्याने पानं एकमेकांना शिवली गेली होती, पण शेवटचं पान उघडत होतं. ती उभ्या उभ्या वाचायला लागली, मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसं. मी खाली जमिनीकडे पाहत होते. मध्यावर एक जण हातपाय पसरून झोपतो. काठावर बाई झोपते. माझंच वाक्य दुसऱ्याच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं. कूस बदललेली नाही, इथे तिचा आवाज बारीक झाला.

"हे आपल्या गादीचं आहे का जी?" पोरीने विचारलं.

मी होकाराची मान डोलावली.

मी मनात बसस्टँडपर्यंतचा रस्ता मोजत होते. मग आई म्हणाली, "मध्यात कोन झोपते म्हनता? बाप? त्याले त बाजेशिवाय झोप नाही लागत. मध्यात हे म्हसरू झोपते!" तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "पाय फेकते, लाथा मारते. मी काठाले नाही जाऊ तं कुठी जाऊ?"

"आई, मी नाही लाथा मारत!"

"मारतं. सासरी कळन त्यायले." ती हसली, आणि हसता हसता थांबली. "आता मी मध्यातच झोपीन म्हना. जागाच जागा हाय." पोरगी वही माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

आई वहीकडे बोट करून म्हणाली, "चुकीचं लिवलं तुमी. दुरुस्त करा."

"घरी जाऊन करते."

"इथी करा. मी कायले तुमच्या घरी पाहाले येऊ?"

पोरीची पेन्सिल मिळाली. कुणी बघत असताना मी तोवर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं: मध्यावर मुलगी झोपते. ती लाथा मारते. आई काठाला जाते. मुलगी सासरी गेली की जाणार नाही. तिने वाचायला लावलं, ऐकलं आणि म्हणाली, "हां. असं."

फाटकी खोळ मात्र चालणार नव्हती. पोरीच्या सासरी ठिगळाची गादी कशी द्यायची? गावातल्या दुकानातून कापड आणलं, सहा मीटर, आणि त्यांच्या अंगणात बसून दुपारभर हाताने नवी खोळ शिवली. पोरगी सुईत दोरा ओवून देत होती. गादी भरून पुन्हा काट्याला लावली. वहीचं वजन सोडता कापूस तेवढाच भरला. आईने निघताना तुरीच्या ओल्या शेंगा पिशवीत टाकल्या. परतीचं भाडं दिल्यावर तीनशेतलं काहीच उरलं नव्हतं.

मालकांनी विचारलं, "मिला नुक्स?"

"नई मिला. टाके पक्के हैं."

"बोला था," ते म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवला. फाटलेल्या खोळीबद्दल मी बोलले नाही.

वही परत आली, पण लिहिणं परत आलं नाही, कारण आता खालाचे तीनशे होते. मालकांना न सांगता फेडायचे तर एकच वेळ माझी होती, लाइट गेल्यावरची. यंत्राखाली उरलेल्या आखूड कापसाच्या मी बाळांच्या लहान उशा करायला लागले. चिंध्यांच्या खोळी. खाला बांगड्यांच्या टोपलीवर ठेवून त्या विकायची आणि एका उशीमागे दहा रुपये माझ्या नावचे वळते करायची. तीस उशा व्हायच्या होत्या.

लाइट गेली की एका बाजूला वही, एका बाजूला चिंध्या. मी चिंध्या उचलायची. डोक्यात मात्र सारखं चालू असायचं. एका पेन्शनरची गादी आली, तिच्यात चार खळगे होते. त्या माणसाला कुठेच झोप येत नसणार. हे लिहायलाच हवं होतं, आणि मी उशीचं तोंड शिवत होते. सात उशा झाल्यावर वाटलं, एक दिवस लिहू या, खाला काही म्हणणार नाही. लिहायला बसले तर तिचाच चेहरा पुढे येऊ लागला. पान कोरं ठेवून पुन्हा सुई घेतली. एकदा चिडून उशी इतकी ठासून भरली की खाला म्हणाली, "यह बच्चे की है या पहलवान की?"

फेब्रुवारी गेला. होळी गेली. पोरीचं लग्न झालं असेल, गादी कुठल्या गावाला गेली कळलं नाही. ऊन तापलं तशी गिऱ्हाइकं कमी झाली, आखूड कापूसही कमी. शेवटच्या दोन उशांना कापूस पुरेना तेव्हा माझ्या स्वतःच्या उशीतला काढून भरला.

तिसावी उशी मी स्वतः खालाच्या घरी नेऊन दिली. तिने टोपलीत न ठेवता ती आपल्या मांडीखाली घेतली, बसून पाहिली, आणि म्हणाली, "यह मैं लूँगी. घुटने को ठीक है." जानेवारीत काय झालं होतं, तीनशे कशाला लागले, हे तिने एकदा तरी विचारावं असं मला त्या क्षणी वाटलं. सांगितलंही असतं. तिने विचारलं नाही. बोटांवर काहीतरी पुटपुटत मोजलं, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि म्हणाली, "जा. तेरा-मेरा हिसाब साफ. पूरे तीन सौ."