वांग, काच आणि दीक्षा

मेढा–सातारा गाडीवर दीक्षा कंडक्टर होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी वांग उठला. एकदा भरल्या गाडीत रोजच्या बाजारवाल्या आक्काताईंनी विचारलं, "आगं, तोंड भाजलं का काय तुजं?" दीक्षा हसली खरी, पण माणसांच्या नजरेला नजर द्यायची तिनं सोडूनच दिली.

नवरा कपिल म्हणायचा, "मला तर काय दिसत न्हाई." तो ते मायेनं म्हणायचा, म्हणून तिला जास्तच राग यायचा.

कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. मग ट्यूबमागून ट्यूब. सहाव्या महिन्यात गाल लाल झाले, उन्हात आग व्हायला लागली, हनुवटीवर लव आली. एक दिवस क्रीम चुकली की तोंड सुजायचं. आणि वांग परतला, आधीपेक्षा गडद.

शेवटी रजा टाकून ती साताऱ्यात त्वचेच्या डॉक्टर राजेश्वरीबाईंकडं गेली. बोलणी खायची तयारी होती, पण बाईंनी शांतपणे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली.

"यात स्टेरॉइड आहे. चिठ्ठीशिवाय हे मिळायलाच नको होतं. हळूहळू सोडवू."

"मॅडम, लेसरच करून टाका की एकदाचं."

"आत्ता केलं तर वांग उलट काळा पडेल. आधी कातडी शांत होऊ दे." मग त्यांनी विचारलं, "गाडीत कुठं बसता?"

"दारापाशी, खिडकीला. पण काच लावलेली असती."

"काचेतूनही ऊन लागतं, दीक्षाताई."

हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून दर तीन तासांनी कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन, रात्री चिठ्ठीवरचं मलम. पहिला महिना फार वाईट गेला. दोनदा तिला जुनी क्रीम लावावीशी वाटली. कपिलनं ती उचलून फेकून दिली. पाच महिन्यांनी चेहऱ्याची आग थांबली, तेव्हा बाईंनी सौम्य पील सुरू केलं. पातळ औषध लावायचं, काही मिनिटांत धुवायचं, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा यायचं.

वर्षभरात वांग बराच फिका झाला. पुरता गेला नाही, आणि उन्हाळ्यात डोकं वर काढील, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. दीक्षाला ते चालत होतं. तिनंच गळ घातली म्हणून बाई एका रविवारी आगारात आल्या आणि सगळ्यांची कातडी तपासून दिली.

सगळ्यांत शेवटी ड्रायव्हर जोतीराम आला. आठ वर्षं तो बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. त्यानं बाही वर केली. मनगटावर पांढरा डाग होता.

"कोड हाय. आता काय व्हायचं?"

"बरंच होतं. मलम आणि आठवड्यातून दोनदा मशीनचा प्रकाश. काही महिने लागतील, पण यावं मात्र लागेल."

"ड्यूटी असती की, मॅडम."

दीक्षा मधेच म्हणाली, "मंगळवार आन् शुक्रवारी तुमी दुपारची पाळी घ्या, जोतीरामदादा, म्हंजी सकाळी मॅडमकडं जाता यील. सायबांशी मी बोलते."

जोतीरामनं बाही खाली ओढली नाही. बाईंच्या वहीत त्यानं स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं.