रश्श्यावरच्या चिठ्ठ्या

माझी मावशी जळक्या स्वभावाची होती. हे मी तिच्या माघारी बोलत नाही, ती स्वतःच चारचौघांत सांगायची. "माझ्या पोटात चूल आहे बाई, काडी पडायचा अवकाश." लहानपणी माझ्या आईची वेणी तिच्यापेक्षा लांब होती, म्हणून आई झोपलेली असताना तिने कात्रीने चार बोटं कमी केली आणि सकाळी म्हणाली, "उंदराने खाल्ली असेल." उंदीर इतका सरळ रेषेत खात नाही, हे आजोबांच्या लक्षात आलं. मार बसला, पण कबूल केलं नाही.

मोठी झाल्यावर ती एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला लागली. खोली तळघरात. खिडकी छताला लागून होती आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी आणि उशांचे अभ्रे कडक करायचे आणि अधूनमधून मान वर करून लोकांच्या चपला बघायच्या, ही तिची नोकरी. नव्या चपलाही तिला सहन व्हायच्या नाहीत.

काका बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बोलणं अगदी मोजून मापून, जणू एक शब्द जास्त गेला तर आटे घसरतील. मूलबाळ नव्हतं. चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी जेवणाला कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. ताट स्वच्छ करायचे, उठायचे, ताट मोरीत ठेवायचे. या माणसाच्या वाट्याला शब्दच कमी आलेत, अशी मावशीने मनाची समजूत घातली होती. त्याचं तिला दुःखही नव्हतं, कारण तिला मिळत नव्हते तसे ते कोणालाच मिळत नव्हते.

एकदा थंडीच्या दिवसांत काकांचा डबा अर्धा भरलेला परत आला.

"बरं नाही का?" मावशीने विचारलं.

"पोट भरलं होतं. स्टोअरच्या बाईंनी रस्सा आणला होता. मटण, बटाटा, गाजर. मसाला काही नव्हता, नुसतं मीठ-मिरी. पण चव अशी, की बोटं चाटत बसलो."

काकांच्या तोंडून एका दमात इतके शब्द मावशीने कधी ऐकले नव्हते. तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"कोण ही स्टोअरची बाई?"

"स्टोअरकीपर. नवीन बदलून आलीय. नट-बोल्ट तिच्याकडून घ्यायचे."

"दिसायला कशी आहे?"

"बाईसारखी."

"उंच आहे? बुटकी आहे?"

"माप नाही घेतलं मी," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्या रविवारी मावशीने मटण आणलं. मीठ-मिरीचा रस्सा म्हणजे तिच्या लेखी आजाऱ्याचं जेवण, पण म्हटलं, एका नट-बोल्टवालीला जमतं ते मला जमणार नाही? तिने मटण, बटाटे, गाजर, कांदे, मटार सगळं एकदम पातेल्यात टाकलं, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि गॅस मोठा केला. वाढल्यावर काकांच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कसा झालाय?"

"चांगला."

"तिच्यासारखा?"

काकांनी घास गिळला. विचार केला. खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस. "वेगळा आहे," म्हणाले.

हा 'वेगळा' मावशीच्या घशात काट्यासारखा अडकला. पुढच्या रविवारी तिने मिरी दुप्पट घातली. त्याच्या पुढच्या रविवारी लसूण घातला, टोमॅटो घातला. मटणवाला हसून म्हणाला, "वहिनी, दर रविवारी पाहुणे येतात वाटतं?" त्यावर तिने त्याच्याकडे असं बघितलं, की तो गुपचूप हाडं बाजूला काढायला लागला. चौथ्या रविवारीही काकांचं उत्तर तेच. चांगला. वेगळा.

आणि मग तिला ती डबी सापडली. काकांच्या पिशवीत, हातरुमालात गुंडाळलेली, घट्ट झाकणाची छोटी स्टीलची डबी. आपल्या घरातली नव्हे. मावशीने झाकण उघडून नाकाला लावलं. मिरी आणि तमालपत्र. डबी धुतलेली होती, पण वास जात नव्हता. म्हणजे नवरा एकदा चव घेऊन थांबलेला नव्हता. नेमाने, डबी देऊन-घेऊन, महिनाभर हे चाललं होतं, आणि घरात चकार शब्द नाही.

काकांना तिने काहीच विचारलं नाही. जिथे होती तिथेच डबी ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत, डोळ्यांपुढे ती अनोळखी बाई काकांना वाढताना दिसत असताना, गरम इस्त्री एका चादरीवर विसरली. धूर निघाला. पांढऱ्याशुभ्र चादरीच्या मधोमध इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला.

सुपरवायझर म्हणाली, "लक्ष कुठे आहे तुझं?"

"घरी आग लागलीय," मावशी म्हणाली, आणि ते एका अर्थी खरंच होतं. तिने अर्धा दिवस रजा घेतली.

आधी ती वर्कशॉपच्या फाटकाशी गेली. काका आत कुठेतरी बसखाली आडवे असणार, हे तिला ठाऊक होतं. वॉचमनला तिने सांगितलं, "मी स्टोअरकीपरबाईंची नणंद. गावाहून आले, पत्ता हरवला." वॉचमनने मोठ्या मायेने पत्ता तर दिलाच, वर "कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आहे, तिथून दुसरा जिना" असंही सांगितलं. तिथे जाऊन नक्की काय करायचं, हे मावशीने ठरवलं नव्हतं. घर बघायचं, पडदे बघायचे, भांडी बघायची, आणि बाई संध्याकाळी आली की तिला सरळ विचारायचं, एवढंच.

दार एका पुरुषाने उघडलं. पन्नाशीचा, धिप्पाड, एका काखेत कुबडी, खांद्यावर फडकं, हातात अर्धं सोललेलं गाजर.

"स्टोअरकीपरबाई इथेच राहतात?"

"इथेच. मी तिचा नवरा. ती पाचला येते. आपण?"

मावशीला खोटं सुचेना. "मी फिटरची बायको," ती म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मावशी एक पायरी मागे सरकली. "फिटरसाहेबांच्या घरून? अहो, मग बाहेर काय उभ्या वहिनी? या, या. त्यांनी सांगून पाठवलं का काही? कालचा कसा झाला होता?"

"कालचा काय?"

"रस्सा हो!"

मावशी आत येऊन खुर्चीवर बसली.

हा माणूस बस ड्रायव्हर होता. तीन वर्षांपूर्वी अपघातात खुबा मोडला, दोनदा ऑपरेशन झालं, नोकरी सुटली. घरात बसून भिंती खायला उठल्या, तेव्हा त्याने स्वयंपाक हातात घेतला. भाजी, भात जमायला लागलं, पण जीव जडला तो या रश्श्यावर. पंचाईत एवढीच, की त्याच्या बायकोला मटणाचा वाससुद्धा चालत नव्हता. "बनवून बनवून मी एकटाच खाणार आणि एकटाच मान डोलावणार, याला काय अर्थ आहे वहिनी? म्हणून तिला म्हटलं, वर्कशॉपात कुणालातरी दे आणि कसा झालाय ते विचारून ये. बाकीचे सगळे 'मस्त, मस्त' म्हणून डबी चाटून मोकळे होतात. एक फिटरसाहेब तेवढे नीट सांगतात. लिहून!"

"लिहून?"

त्याने कुबडीच्या टोकाने भिंतीकडे दाखवलं. ओट्याच्या वर एका खिळ्याला कागदाचे कपटे टोचलेले होते. वर्कशॉपच्या जॉबकार्डांचे फाडलेले तुकडे, कडेला ग्रीसचे डाग. मावशीने उठून ते हातात घेतले. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. वीजबिलामागे, गॅसच्या वहीवर ते तिने पाहिलं होतं.

"गाजर जरा जास्त शिजलं. मीठ बरोबर."

"आज मटण सुरेख. हाडापासून आपोआप सुटत होतं. घाई केली नाहीत हे कळलं."

"मिरी आज उशिरा घातलीत का? शेवटी घशात गरम वाटलं. आवडलं."

"पहिला घास खाल्ला आणि आईच्या घरची खिडकी आठवली. का, ते सांगता येणार नाही."

अकरा चिठ्ठ्या होत्या. मावशीने सगळ्या वाचल्या, मग पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. बाईचा मत्सर करायला आलेली ती, आणि इथे बाई नव्हतीच. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या पोटातली चूल अशी भडकली, की ती मला सांगायची, "त्यापेक्षा एखादी बाई असती तर परवडलं असतं गं." चौदा वर्षं ज्याच्याकडे शब्द नाहीत असं ती धरून चालली होती, त्याच्याकडे ते होते. भरपूर होते. खिडकी आठवण्याइतके होते. आणि ते तो एका परक्या ड्रायव्हरला गाजरांवर लिहून पाठवत होता.

"बसा, आजचा बघूनच जा," ड्रायव्हर म्हणाला. तिच्या मनात काय चाललंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

ती बसली. रागात होती, तरी डोळे त्याच्या हातांवर होते, कारण हातांचं काम हाच तिचाही धंदा. त्याने मटण आधी फडक्याने कोरडं टिपलं. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून तुकडे थोडे थोडे टाकले, एकमेकांना चिकटू न देता, आणि खालून तपकिरी होईपर्यंत हलवले नाहीत. मग त्याच पातेल्यात कांदा. बुडाला लागलेलं सगळं पळीने खरवडून घेतलं. मग तमालपत्र, गरम पाणी आणि अगदी बारीक गॅस.

"भाज्या?" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

"एवढ्यात नाही. मटण मऊ व्हायला लागलं की बटाटा, मग गाजर. मटार अगदी शेवटी. सगळ्यांना एकदम बसमध्ये चढवलं तर चेंगराचेंगरी होते वहिनी."

मावशीला आपलं पातेलं आठवलं.

पाचला स्टोअरकीपर आली. दमलेली, साधी बाई, अंगठ्यावर काळं ग्रीस, चपलेचा अंगठा शिवलेला. दारातच ड्रायव्हर म्हणाला, "चिठ्ठी?" तिने पर्समधून कागद काढून दिला. तो घेऊन ड्रायव्हर खिडकीशी उजेडात गेला.

पाहुणी कोण हे कळल्यावर स्टोअरकीपर मावशीजवळ बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बघितलंत? दिवसभर उभी राहून येते मी. कशी आहेस, दमलीस का, काही नाही. चिठ्ठी! तुमच्या यजमानांनी 'छान' लिहिलं तर इथे दोन दिवस शीळ चालते. मी मेले तरी आधी पर्स तपासतील."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. महिनाभर जिला मनातल्या मनात शिव्याशाप दिले, ती बाई तिच्याच नावेत बसलेली होती. "तुम्हालाही जळायला होतं?" मावशीने विचारलं.

"राख झालीय," स्टोअरकीपर म्हणाली.

घरी काका तिची वाट बघत होते. मावशीने चप्पलही काढली नाही.

"तुम्हाला लिहिता येतं की!"

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकी. आईच्या घरची. मला कधी सांगितलीत ती खिडकी?"

काका पार गोंधळले. म्हणाले, "त्यांनी विचारलं होतं."

"मी चार रविवार विचारत होते!"

"तू तिच्यासारखा झाला का, असं विचारत होतीस. मी त्याचं उत्तर दिलं." मग म्हणाले, "डबीचं मी सांगायला हवं होतं. तुला राग येईल म्हणून नाही सांगितलं. आणि तोंडासमोर बोलायचं म्हटलं की मला काही सुचत नाही. तू उत्तराची वाट बघत उभी असतेस, मग तर काहीच नाही."

मावशी त्या दिवशी जेवली नाही. तीन दिवस कामापुरतंच बोलली. रविवारी मात्र तिने मटण आणलं, कोरडं टिपलं, थोडं थोडं परतलं, गॅस बारीक ठेवून मुकाट्याने बसून राहिली. ताट वाढलं आणि ताटाशेजारी लॉन्ड्रीच्या पावतीचा कोरा तुकडा आणि पेन्सिल ठेवली.

काका जेवले. पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग मान खाली घालून लिहायला लागले. मावशीला वाटलं, आता आपलीही खिडकी येणार. कागद हातात आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं:

"मटण अजून अर्धा तास हवं होतं. बटाटा उत्तम, त्यांच्यापेक्षाही. चौदा वर्षं तू उभं राहून वाढतेस, त्यामुळे माझा घास घाईने उतरतो. बस ना."

मावशीने ते दोनदा वाचलं. तिला रडूही येईना आणि भांडताही येईना. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.

ती सुधारली, असं मात्र कोणी समजू नये. काकांच्या चिठ्ठ्या आता दोन्हीकडे जायला लागल्या आणि मावशी स्टोअरकीपरकडून ड्रायव्हरला आलेल्या चिठ्ठ्या मागवून ओळी मोजायची. त्याला पाच ओळी आणि हिला तीन असल्या, की काकांना सोमवारी डब्यात कालची भाजी. स्टोअरकीपरशी मात्र तिची गट्टी जमली. दोघी रजेच्या दिवशी बसून आपापल्या नवऱ्यांची साग्रसंगीत निंदा करायच्या.

पुढच्या वर्षी ड्रायव्हरची कुबडी सुटून काठी आली आणि मावशीने दोघांना जेवायला बोलावलं. स्टोअरकीपरसाठी बिनमटणाच्या भाज्या वेगळ्या शिजवल्या होत्या. ड्रायव्हरने रश्श्याचा पहिला घास घेतला आणि त्याची शीळ, गप्पा, सगळं बंद झालं. तो सावकाश चावत राहिला. मग ताटाकडे, मग काकांकडे, मग पातेल्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मावशीने क्षणात ओळखलं. आरशात बघून बघून तिला ते पाठ होतं. ती म्हणायची, एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

"वहिनी," शेवटी तो म्हणाला, "कांद्याबरोबर आणखी काहीतरी परतलंय तुम्ही. काय ते?"

"घ्या ना अजून थोडा," मावशी म्हणाली आणि काय ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.