सगळ्यांत वाईट नाण्याचा केक

दर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी थेल्मा गॅरड सुक्या फळांचा केक घेऊन गावच्या हॉलमध्ये शिरायची, आणि तो केक जिंकणाऱ्याला वर्षभर सगळे चिडवायचे. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या आमच्या क्लबाची रीतच तशी. जमिनीतला धातू हुडकणारे डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणारी ही माणसं वर्षभर आपली चांगली नाणी मिरवतात. या एका दिवशी मात्र ज्याने त्याने आपलं सगळ्यांत वाईट नाणं आणायचं. मातीने खाल्लेली, काळी पडलेली, कडा झडलेली चांदी हिरव्या कापडावर मांडायची. जे नाणं परीक्षकाला मुळीच ओळखता येणार नाही, त्याला केक. वाचता आलं की बाद.

थेल्मा अडुसष्ट वर्षांची. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने पोरांना बटाटे आणि कस्टर्ड वाढलं. केक ती करायची, पण स्पर्धेत कधी उतरायची नाही. यंदा मात्र तिच्या पर्समध्ये एक काडेपेटी होती, आणि काडेपेटीत कापसावर पर्सीचं नाणं.

पर्सी तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी गेला. दुधाचा टँकर चालवायचा, आणि रविवारी ‘उपाशी तुकडा’ नावाच्या एका रेताड शेतात डिटेक्टर फिरवायचा. तिथे जुन्या काळी बाजार भरत होता, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. अकरा वर्षांत मिळालं काय, तर ट्रॅक्टरचे नट आणि बाटल्यांची झाकणं. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही. क्लबातला क्लिफर्ड रिक्स दर बैठकीला विचारायचा, “काय पर्सी, तुझ्या बाजारात आज कोबी काय भाव?” हॉल हसायचा. पर्सीही हसायचा. घरी आल्यावर मात्र चहा थंड होईपर्यंत तो कपाकडे बघत बसायचा, हे फक्त थेल्माला ठाऊक.

आणि मग एका रविवारी नाणं सापडलं. काळंकुट्ट, पातळ, अंगठ्याच्या नखाएवढं. पर्सी ते पाण्यात भिजत ठेवून बाहेर गेला. थेल्माला वाटलं, बिचाऱ्याला जरा खूश करावं. आईचे चांदीचे चमचे ज्या पुडीने घासायची ती पूड घेतली, तोच फडका घेतला. अर्धं नाणं चकचकीत झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तेवढ्या भागातली अक्षरं गेली. मधोमध एक रेघही दिसायला लागली. जमिनीतून निघालेली चांदी घासायची नसते, हे या छंदातलं शेंबडं पोरही जाणतं. थेल्मा तेव्हा छंदात नव्हती.

पर्सीने नाणं खिडकीशी धरलं आणि म्हणाला, “चमकतंय तरी छान.” एवढंच. पुढच्या फेब्रुवारीत त्याला हार्ट अटॅक आला. नाणं क्लबात दाखवायचं राहूनच गेलं.

त्याच्या अकरा वर्षांवर आपण फडका फिरवला, ही गोष्ट थेल्माला जाळत राहिली. त्याचा डिटेक्टर खांद्याला लावून ती दर रविवारी त्या शेतात जायला लागली. तसं दुसरं नाणं काही मिळेना. यंदा जिल्ह्याच्या संग्रहालयातली ब्रॉन्वेन पहिल्यांदाच परीक्षक म्हणून येणार होती. तिलाही वाचता आलं नाही तर आशाच सोडायची, असं ठरवून थेल्माने काडेपेटी पर्समध्ये टाकली होती.

तिने नाणं कापडावर ठेवलं आणि शेजारी चिठ्ठी: ‘सापडलं – पर्सी गॅरडला. बिघडवलं – थेल्मा गॅरडने.’

“सरका, सरका, सलग तीन वर्षांचा विजेता आलाय!” क्लिफर्डने आपलं नाणं शेजारी आपटलं. “बघ थेल्मा, कुत्र्याने चावून टाकलेलं बिस्किट वाटतं की नाही?”

“तोंडवळा तुझ्यावरच गेलाय.”

ब्रॉन्वेन जेमतेम तिशीची. तिने बाकीची नाणी झटपट निकालात काढली आणि ही दोन शेजारी घेतली. टॉर्चचा उजेड आडवा धरला. भिंग खाली, भिंग वर.

“मिसेस गॅरड, ही मधली रेघ?”

“ओरखडा. माझाच. घासताना पडला.”

“ओरखडा आत जातो. ही वर आलीय. नख फिरवून बघा ना, हळूच.”

थेल्माने नख फिरवलं. नख अडखळलं.

“नाणं पाडायच्या ठशालाच चीर गेली होती, तिची ही रेघ. आठशे वर्षांपूर्वीच उमटलेली. तुम्ही नाही पाडलीत.” मग तिने क्लिफर्डचं नाणं उजेडात सरकवलं. काळ्या खपलीतून तीच रेघ, तशीच वाकडी. “एकाच ठशाची आहेत दोन्ही! तुमच्या नाण्यावर डावीकडची अक्षरं उरलीत, यांच्या नाण्यावर उजवीकडची.” ती एकावरून दुसऱ्यावर बोट नेत गेली. “जोहान... इप्सविचचा. नाणं पाडणाऱ्याचं नाव आणि गाव. जॉन राजाच्या काळातली पेनी. मिस्टर रिक्स, तुम्हाला कुठे मिळालं हे?”

क्लिफर्डचे कान लाल झाले. “उपाशी तुकड्याच्या कुंपणापलीकडे. वीस वर्षं झाली.”

“आणि तोंडातून चकार शब्द नाही?” थेल्मा म्हणाली.

“कचरा वाटला गं मला. देवाशपथ.”

“दोन नाण्यांवरून बाजार सिद्ध होत नाही,” ब्रॉन्वेन म्हणाली, “पण पेरणीआधी ते शेत मला नीट बघायचंय. आणि हो, दोन्ही वाचता आली, म्हणजे तुम्ही दोघंही बाद.”

हॉल खदखदला. केक पोस्टमनला गेला; त्याचं एकट्याचं नाणं तिला वाचता आलं नव्हतं.

क्लिफर्डने पेन काढून चिठ्ठीतली दुसरी ओळ खोडायला घेतली. थेल्माने त्याचा हात धरला. “राहू दे. अर्धं खरंच आहे ते.”

ब्रॉन्वेन नोंदीचा कागद भरत होती. “ठिकाण काय लिहू? उपाशी तुकडा?”

क्लिफर्डने घसा खाकरला. “नाही. पर्सीचा बाजार लिही.”

या वेळी कोणी हसलं नाही. चार वर्षं दाटून राहिलेलं थेल्माच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. तिने नाक पुसलं आणि कागदाकडे बोट केलं.

“कोबीचा भावही लिहून घे गं पोरी,” ती म्हणाली. “हा कधीचा विचारतोय.”