अठरा नंबरच्या खुंटीवरचे दोन कोट

१५ नोव्हेंबर १९८५, शुक्रवार. या दिवशी पोलंडभर मिलिशियाच्या पोलिसांनी समलिंगी पुरुषांना घरांतून, कचेऱ्यांतून, शाळांतून उचलून ठाण्यांवर नेण्यास सुरुवात केली. मोहिमेला नाव दिले होते एका फुलाचे, हायसिंथ. पोलंडच्या कायद्यात समलिंगी संबंध हा १९३२ पासून गुन्हा नव्हता. त्यामुळे कोणावर त्यासाठी खटला भरायचा नव्हता. प्रत्येकाचे कार्ड तेवढे तयार करायचे होते. एवढे निर्विवाद आहे. पुढील हकीकत खुनाच्या एका फाइलीतून, एका कॅफेच्या दप्तरातून आणि एका वृद्ध बहिणीच्या सांगण्यातून जुळवलेली आहे, आणि या तिन्हींवर सारखाच विश्वास टाकता येत नाही.

तेओफिल बारान वार्ता नदीकाठच्या एका कापडगिरण्यांच्या शहरात ‘मालिनोव्हा’ नावाच्या कॅफेच्या क्लोकरूममध्ये कामाला होता. जन्म १९३३चा. लहानपणीच्या पोलिओने डावा पाय आखूड राहिलेला. अपंगांच्या सहकारी संस्थेने त्याला १९६१ साली ही खिडकी मिळवून दिली आणि पुढची चोवीस वर्षे तो तिथेच बसला. काम सोपे, पण नियम कडक. अंगात कोट घालून कोणीही आत जायचे नाही. कोट खिडकीत द्यायचा, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, जाताना बिल्ला देऊन कोट न्यायचा. बिल्ला हरवला तर वहीत नाव, ओळखपत्राचा क्रमांक, वेळ आणि सही, मगच कोट. इतर ठिकाणचे लोक ओळखीच्या गिऱ्हाइकाला वहीशिवाय कोट देऊन टाकत. तेओफिलने चोवीस वर्षांत तसे एकदाही केल्याचे दिसत नाही. मॅनेजरबाई वांदा ओर्लिक त्याला गमतीने म्हणत, “बारानसाहेब, उद्या येशू जरी बिल्ला विसरून आला, तरी तुम्ही त्याची सही घ्याल.” त्यावर तो म्हणे, “सही घेईन, आणि ओळखपत्रही बघेन.”

खुंट्या चौसष्ट होत्या आणि हिवाळ्यात त्या पुरत नसत. म्हणून नवराबायकोचे कोट एका खुंटीवर टांगायचे आणि दोघांत एकच बिल्ला द्यायचा, अशी रीत होती. पुरुषांना मात्र बिल्ले वेगवेगळे. या रिवाजाला तेओफिलने एकाच जोडीपुरता अपवाद केला. दातांच्या कवळ्या बनवणारा अल्बिन रोकिता आणि भूगोलाचा शिक्षक ऑगस्तिन लीस दर शुक्रवारी चार वाजता येत, चहा आणि खसखशीचा केक घेत आणि साडेसहाला जात. १९७९च्या सुमारास तेओफिलने त्यांचे कोट अठरा नंबरच्या खुंटीवर एकत्र टांगायला सुरुवात केली. त्यांनी तसे सांगितले नव्हते, त्याने विचारले नव्हते, आणि या विषयावर तिघांत कधी एक शब्दही झाला नाही. तेओफिल स्वतः एकटाच राहिला. त्याच्या आयुष्यात कोणी होते का, याचा पुरावा कुठेही नाही.

त्या शुक्रवारीही दोघे चारला आले. अल्बिनचा तपकिरी कोट, ऑगस्तिनचा करडा. बिल्ला अल्बिनने खिशात टाकला. पाच वाजायला पाच मिनिटे असताना दोन माणसे आली आणि खिडकीकडे न बघता, अंगातल्या कोटांसकट आत गेली. दोन मिनिटांत अल्बिनला मधे घेऊन बाहेर पडली. अल्बिनच्या अंगात फक्त जाकीट होते आणि बाहेर बर्फ भुरभुरत होता. तेओफिलने त्याला हाक मारली नाही. का मारली नाही, हे त्याने पुढे कुठेही लिहिलेले नाही.

ऑगस्तिन पाच वाजून वीस मिनिटांनी खिडकीशी आला. बिल्ला नव्हता. तेओफिलने वही पुढे केली, नाव लिहून घेतले, ओळखपत्राचा क्रमांक लिहून घेतला, वेळ टाकली, सही घेतली आणि करडा कोट दिला. सवयीचे काम होते ते. पण त्याच वहीमुळे सोमवारी सकाळी पोलीस ऑगस्तिनच्या वर्गात शिरले आणि त्याला घेऊन गेले.

कारण रविवारी अल्बिन रोकिताचे प्रेत गिरणीच्या कालव्यात सापडले होते. डोक्याला मागून मार होता आणि पँटच्या खिशात अठरा नंबरचा बिल्ला होता.

तेओफिलला सोमवारी दुपारी बोलावले. आधी त्याचे स्वतःचे कार्ड झाले: फोटो, दहा बोटांचे ठसे, आणि जन्मापासून आपण असेच आहोत असे कबूल करणारा छापील मजकूर, खाली सही. मग लेफ्टनंट माझूर याने त्याला समोर बसवले. टंकलिखित जबाबात या भेटीच्या एक तासाच्या बोलण्याचा सारांश एका वाक्यात आहे: ‘साक्षीदाराला नक्की आठवत नाही.’ तेओफिलने नंतर स्वतःच्या हाताने लिहिलेल्या निवेदनात तेच बोलणे असे आहे:

“रोकिता किती वाजता निघाला?”

“पाचला पाच कमी.”

“कोणाबरोबर?”

“दोघांबरोबर. दोघांच्या अंगात कोट होते.”

“बाहेर पडताना कोट अंगातच असतो, नागरिक बारान.”

“आत येतानाही होते.”

“तुमच्या इथे कोट न देता आत कोण जातं?”

“ज्यांना मी अडवत नाही ते.”

यानंतर माझूर ‘नागरिक बारान’वरून ‘तू’वर आला. त्याने एक तयार जबाब पुढे सरकवला: पाच वाजता रोकिता आणि लीस बरोबर निघाले, दोघांत वाद चालू होता. खाली सही तेवढी करायची होती. कार्ड खणात राहील, कोणाला कळणार नाही. “आणि नाही केलीस,” माझूर म्हणाला, “तर तुझी बहीण आहे ना, गिरणीच्या क्वार्टरमध्ये राहते, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते? तिला गिरणीतूनच कळेल.”

त्या काळी खुनाला फाशी होती. सही केली तर ऑगस्तिन लीसचा जीव जाईल, हे तेओफिलला स्पष्ट दिसत होते. त्याहून स्पष्ट हे दिसत होते, की ऑगस्तिनचे नाव पोलिसांच्या हाती त्याच्याच अक्षरात पडले आहे. त्याने दोन दिवस मागितले. माझूरने बुधवारपर्यंतचा वेळ दिला. बहुधा दोन दिवसांत माणूस मऊ पडतो, असा त्याचा अनुभव असावा.

बहीण लेओकादिया त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, गिरणीच्या स्वयंपाकघरात कामाला, लग्न न झालेली. दोघे तिच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये राहत. तिची हकीकत २०१२ साली, पाच महिन्यांच्या अंतराने, दोनदा नोंदवलेली आहे. पहिल्यांदा तिने सांगितले की ती बटाटे किसत होती. दुसऱ्यांदा, कोबी चिरत होती. बाकीचे बोलणे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे आहे, म्हणून ते इथे घेतले.

तेओफिल आला, टोपीसुद्धा न काढता खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःबद्दल सांगून टाकले. माझूरच्या हातातली धमकी आधीच फोडून टाकायची, असा त्याचा हिशेब असणार. लेओकादियाने हातातले काम थांबवले नाही.

“एकतीस वर्षं तुझे मोजे धुतेय मी,” ती म्हणाली. “मला काय शिकवतोस? टोपी काढ आधी, घरात आहेस.”

मग त्याने जबाबाचे सांगितले. तेव्हा मात्र ती थांबली. तिने विचारले की तो मास्तर त्याचा कोण लागतो. तेओफिल म्हणाला, कोणी नाही.

“मग सही करून टाक.”

“त्याला फाशी देतील, लोडझिया,” तो तिला घरच्या नावाने म्हणाला.

“आणि आपल्याला रस्त्यावर काढतील. तू या पायाने कुठे जाणार, आणि मी या वयात? तो तरुण आहे, शिकलेला आहे, त्याला वकील मिळेल. आपल्याला कोण मिळणार आहे?”

तो म्हणाला, “ते नाव मी लिहून घेतलं. त्याने मागेपुढे केलं होतं. ‘आज राहू द्या ना साहेब,’ म्हणाला. मी म्हटलं, नियम आहे.”

लेओकादिया त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या मुलाखतीत, कोणी न विचारता, तिने एवढे जोडले: “मी चूक बोलले असं मला आजही वाटत नाही. तसं लिहा.”

बुधवारी तेओफिल माझूरकडे गेला नाही. तो आखूड पाय ओढत सरकारी वकिलाच्या कचेरीत गेला. त्याच्याजवळ चार पानांचे निवेदन होते, क्लोकरूमच्या वहीतल्यासारख्याच सरळ, ठसठशीत अक्षरात. त्यात त्याने दोन माणसांचे वर्णन केले होते, एकाच्या डाव्या भुवईवरच्या व्रणासह. वहीतली नोंद शब्दशः दिली होती. आणि युक्तिवाद एकच केला होता: लीस जर रोकिताबरोबर बाहेर पडला असता, तर बिल्ला त्यांच्याजवळच होता, दोघांनी आपापले कोट घेतले असते. रोकिताचा तपकिरी कोट मात्र अजून अठरा नंबरवर आहे. शनिवारी सकाळी मॅनेजरबाईंनी तो न नेलेल्या सामानाच्या यादीत लिहिला आहे, प्रेत सापडण्याच्या एक दिवस आधी.

कारकुनाने कागद घेतला आणि ठेवून जा म्हटले. तेओफिल हलला नाही. आवक नोंदवहीत क्रमांक घाला, म्हणाला, आणि प्रतीवर शिक्का मारा. कारकून वैतागला. रांगेतल्या एका बाईने आवाज दिला, “मारा की एक शिक्का, शाई काय तुमच्या घरची आहे? लोक खोळंबलेत.” हा प्रसंग तेओफिलने लेओकादियाला सांगितला होता, म्हणून तो तिच्याच शब्दांत आहे आणि तपासता येत नाही. शिक्का मात्र तपासता येतो. तो पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात आहे: २० नोव्हेंबर १९८५, आवक क्रमांकासह. नोंदवहीतला क्रमांकही त्याच्याशी जुळतो. क्लोकरूमची वही पोलिसांच्या ताब्यात होती. फाइलीत आज ती आहे, पण पंधरा तारखेचे पान पात्याने कापून काढलेले आहे. शिक्क्याचा कागद कापता आला नाही, किंवा कोणी कापला नाही.

ऑगस्तिन लीस २२ जानेवारी १९८६ रोजी पुराव्याअभावी सुटला. शाळेने त्याला परत घेतले नाही. खुनाचा तपास मे महिन्यात ‘गुन्हेगार आढळले नाहीत’ या शेऱ्याने बंद झाला. भुवईवर व्रण असलेल्या माणसाचा शोध घेतल्याचा एकही कागद फाइलीत नाही.

माझूरने आपला शब्द पाळला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गिरणीच्या भिंतपत्रावर कोणीतरी ‘क्लोकरूमची राणी’ असे चित्र लावले. आखूड पायामुळे ते कोणाचे आहे हे कोणाला सांगावे लागले नाही. फोरमनने लेओकादियाला क्वार्टर रिकामे करण्याची नोटीस देताना म्हटले, “बाई, तुमच्यावर राग नाही. पण भावाला वेळीच ताळ्यावर आणलं असतंत, तर ही वेळ आली नसती.” दोघे शहराबाहेर एका लाकडी घराच्या मागच्या खोलीत राहायला गेले. ‘मालिनोव्हा’ने तेओफिलला काढले. सहकारी संस्थेने त्याला ब्रश बांधायचे काम दिले, घरबसल्या, कारण कार्यशाळेतल्या माणसांनी त्याच्याशेजारी बसायला नकार दिला होता. लेओकादिया त्याच्याशी पुन्हा बोलू लागली ती ईस्टरला, आणि तेही मीठ मागण्यासाठी. मार्च १९८९मध्ये न्यूमोनियाने तो गेला. मृत्यूच्या दाखल्यात व्यवसाय ‘ब्रश कामगार’ असा आहे.

काही गोष्टी अजून माहीत नाहीत. ती दोन माणसे कोण होती, हे माहीत नाही. तेओफिलच्या म्हणण्याप्रमाणे ती सरकारी असावीत. पण हा त्याच्या कामाच्या अनुभवावरून काढलेला तर्क आहे, पुरावा नव्हे. अल्बिनला मारण्याचा हेतू होता, की कार्ड तयार करताना मारहाण हाताबाहेर गेली, हे शवचिकित्सेच्या अहवालावरून ठरत नाही. वहीचे पान कोणी कापले, हे माहीत नाही. सरकारी वकिलाने निवेदन फाइलीत का राहू दिले, तेही माहीत नाही. त्या कचेरीतले कोणी बोलायला तयार झाले नाही. ऑगस्तिन लीसचा १९८७नंतरचा पत्ता सापडत नाही, आणि आपण कोणाच्या साक्षीमुळे वाचलो हे त्याला कधी सांगितले गेले का, याची कुठेही नोंद नाही.