पावण्याला हळद

त्या हवालदाराची आठवण झाली की अजून मला मळमळतं.

चौथीतून शाळा सुटली आणि मी माण तालुक्यातून निघून सांगलीकडच्या एका संस्थानात आलो. आमचा सातारा जिल्हा इंग्रजांचा, त्यामुळं संस्थानात आम्ही परके. कायम राहण्याचा हुकूम मिळेपर्यंत पाहुणा म्हणून राहायचं, कामाला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. माझा चुलता एका जैन व्यापाऱ्याच्या बैलगाडीवर होता, त्या ओळखीवर व्यापाऱ्यांनी मला घरात घेतलं. त्यांच्या आईला सगळे आक्का म्हणत. पण फुकट किती दिवस खायचं? मी गुपचूप त्यांच्या वखारीत हळकुंडं घासायला जाऊ लागलो. आक्का फडक्यात भाकरी बांधून देत, ती तिथंच खायचो.

हवालदार अधूनमधून पाहुण्याची चौकशी करायला यायचा. तंबाखू मळायचा आणि बोलता बोलता ओट्यावरून पचकन अंगणात थुंकायचा. आक्का त्यावर राख टाकत.

एकदा तो दिवेलागणीनंतर आला. मी नुकताच वखारीतून परतलो होतो. त्या दिवशी काम उरकेना म्हणून भाकरी तशीच राहिली होती.

"काय पावणं, जेवलासा?"

"न्हाई अजून," मी बोलून गेलो.

तो हसला. जैनाच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक. मग घरचा पाहुणा दिवसभर होता कुठं? त्यानं माझा हात कंदिलाखाली ओढला, बोटं नाकाशी धरून हुंगली. त्याच्या मिशीचं ओलं टोक माझ्या तळव्याला लागलं. शी!

"आरं गड्या, पावण्याला हळद लागली की! नवरी कुठाय?"

माझा हुकूम गेला, उद्या नदीपल्याड इंग्रजी मुलखात हाकलणार, पुन्हा मेंढरांमागं.

आक्का दारात आल्या. "म्याच दिली कांडायला. घरच्यावानी हाय पोरगा."

"मग घरच्याला उपाशी का ठिवलं, आवं? पेटवा चूल. आमीबी बसतो पावण्यासंगं."

सासरी आल्यापासून आक्कांनी अंधारात विस्तव केला नव्हता. "आक्का, नको," मी म्हणालो.

"तू गप बस रं."

पिठलं झालं. उजेडाला पाखरं आली आणि ताटात पडू लागली. याचसाठी तर त्या घरात रात्री कुणी खात नसे. हवालदारानं एक पाखरू नखानं उडवलं आणि तीच बोटं चाटली. मनगटापर्यंत ओघळ, वर ढेकर. "खावा की पावणं, लाजताय व्हय?" माझ्या टाळूला एक पंख चिकटला. थुंकलो असतो तर पाहुणा राहिलो नसतो. गिळला. त्याची किळस आली तेवढीच माझीही आली.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी उपास धरला.

"आक्का, माझ्यापायी..."

"भूक लागली हुती न्हवं तुला? मग झालं."

पुढं कायम राहण्याचा हुकूम आला. तोच हवालदार भर दुपारी घेऊन आला आणि जेवणाच्या वासावर ओट्यावर रेंगाळला. आक्कांनी तांब्याभर पाणी दिलं, दार लोटलं आणि आत येऊन मला म्हणाल्या, "आता पावणा न्हाईस तू. ऊन हाय तवर जेवायला यायचं. उशीर केलास तर उपाशी झोपवीन, सांगून ठिवते."