शेंगाचटणीची वेबसाइट

उखळात कुटलेल्या शेंगाचटणीचा वास आला की सोलापुरातलं ते घर आठवतं. मी मुलींना कॉम्प्युटर आणि धंदा शिकवायचे. बारावीतल्या एकीनं आईच्या चटणीसाठी वेबसाइट बनवली होती. ती सगळ्यांना दाखवायच्या दिवशी पोरगी आलीच नाही, म्हणून मी घरी गेले. आत तिला बघायला पाहुणे आलेले. आई दारातच कुजबुजली, "मॅडम, वेबसाइटचं काय बोलू नका की. सारखी मोबाइलवर असती म्हणतील." पाहुण्यांनी चटणी चाखली, विचारलं, "पोरीला काय काय येतं?" "ही चटणी तिनंच केलीय," आई म्हणाली. साडी नेसलेल्या तिनं मान खाली घातली. इतक्या वर्षांनी परवा तिची वेबसाइट उघडली, तर अजून चालू. मी चटणी मागवली. तिनं तेव्हाच लिहून ठेवलेलं उत्तर लगेच आपोआप आलं, 'धन्यवाद! आजच पाठवते.'